कलेच्या कामातली उमेदवारी : हाताशी पैसा नसताना सुरुवात कशी करावी

छायाचित्रण, वेशभूषा आणि शिवणकाम, छपाईची मांडणी, ध्वनिमुद्रण, अ‍ॅनिमेशन, मूर्तिकाम यांपैकी एखाद्या कामावर पोट भरावे अशी ज्यांची इच्छा आहे, पण घरची परिस्थिती बेताची आहे, अशा तरुण-तरुणींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख लिहिला आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत अशा मुलांबरोबर काम करताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. हात चालत नाही म्हणून मागे फिरलेली मुले फार थोडी होती. प्रशिक्षण संपल्यावर पहिले नियमित पैसे मिळेपर्यंतचे पाच-सहा महिने काढता आले नाहीत, म्हणून मागे फिरलेली पुष्कळ होती. फीची जुळवाजुळव सगळे घर मिळून करते, प्रसंगी दागिना गहाण टाकते. त्या नंतरच्या महिन्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. म्हणून इथे सुरुवात अभ्यासक्रमांच्या यादीपासून न करता त्या हिशेबापासून केली आहे.

पहिली पायरी : वहीत हिशेब मांडणे

एका पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात शिकण्याचा खर्च लिहावा, म्हणजे फी, प्रवास, साहित्य आणि परीक्षा. दुसऱ्या रकान्यात शिकत असताना घरात येणारा जो पैसा थांबेल तो लिहावा, कारण तुम्ही आज दुकानात किंवा कॅटरिंगला जाऊन महिन्याला काही रुपये आणत असाल, तर तेही या शिक्षणाचे मोलच आहे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा असून त्यात शिक्षण संपल्यानंतरच्या सहा महिन्यांचा स्वतःचा किमान खर्च मांडावा. समजा, पास, जेवण आणि मोबाईल धरून महिन्याला चार हजार रुपये लागत असतील, तर चोवीस हजार रुपये कोठून येतील याचे उत्तर प्रवेश घेण्यापूर्वीच ठरलेले असावे. ते उत्तर बचतीचे असू शकते, सकाळी शिक्षण आणि संध्याकाळी अर्धवेळ काम असे असू शकते, किंवा विद्यावेतन देणारी उमेदवारी, म्हणजे कामाच्या ठिकाणी राहून शिकणे, असे असू शकते. उत्तर मुळीच सापडत नसेल, तर एक वर्ष थांबून पैसे साठवण्यात काहीही कमीपणा नाही. हा हिशेब आईवडिलांसमोर बसून मांडावा. पालकांचा विरोध पुष्कळदा कलेला नसतो, अनिश्चिततेला असतो, आणि आकडे समोर आले की घरातले बोलणे बदलते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी : कागदपत्रे

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, आणि आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढे तयार ठेवावे. दाखल्यांसाठी आपले सरकार सेवा केंद्रात मे महिन्यापूर्वीच अर्ज करावा, कारण निकालानंतर तिथे रांगा लागतात. शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन आता थेट खात्यात जमा होते, त्यामुळे आधार जोडलेले नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकून राहतो. महाडीबीटी या पोर्टलवर आपल्या प्रवर्गाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती शोधावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्न मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे.

तिसरी पायरी : कोठे शिकावे

आयटीआय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन येतात. प्रत्यक्षात १९५० साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवल्या जाणाऱ्या योजनेत, कलेच्या वाटेवर नेणारे अनेक व्यवसाय (ट्रेड) आहेत. डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर, मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स, फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी, सुइंग टेक्नॉलॉजी, इंटीरियर डिझाईन अँड डेकोरेशन, आणि भरतकामाचा सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स हे त्यांतले काही असून त्यांचा कालावधी एक वर्षाचा आहे. प्रवेशासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि कमाल वयाची मर्यादा नाही, त्यामुळे शाळा सुटून काही वर्षे झालेल्या किंवा लग्नानंतर पुन्हा शिकू इच्छिणाऱ्या मुलींनाही हा मार्ग मोकळा आहे. वर उल्लेखलेल्या बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असणे लागते. काही व्यवसाय मात्र दहावी अनुत्तीर्ण उमेदवारांसाठीही खुले असतात.

महाराष्ट्रात हे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. अर्जात संस्था आणि व्यवसाय यांचे पसंतीक्रम भरावे लागतात आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. नेट कॅफेवाल्याला पसंतीक्रम भरायला सांगू नये. त्यापूर्वी जवळच्या दोन-तीन संस्थांमध्ये प्रत्यक्ष जावे, निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, भेटावे, संगणक किंवा शिवणयंत्रे चालू स्थितीत आहेत का आणि एका यंत्रावर किती जण बसतात हे पाहावे, आणि मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले सध्या काय करतात हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला नावानिशी उत्तर देणारा निदेशक भेटला, तर ती संस्था थोडी दूर असली तरी वरच्या क्रमांकावर ठेवावी. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते.

ज्यांना चित्रकलेची खरी ओढ आहे, त्यांनी शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात. पुढे मुंबईचे १८५७ साली स्थापन झालेले सर ज. जी. कला महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कला महाविद्यालये हे मार्ग आहेत. कला पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात रेखाटन, संकल्पन आणि स्मरणचित्र यांचा हात बसलेला असावा लागतो. हा मार्ग चार वर्षांचा आहे, म्हणून तिसऱ्या रकान्याचा हिशेब इथे अधिक काटेकोरपणे करावा. चित्रपट आणि ध्वनीकडे ओढा असणाऱ्यांनी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची माहिती घ्यावी. ही संस्था १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम गाठणे सर्वांना शक्य नसले, तरी काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या शिबिरातूनही कॅमेरा आणि संकलन यांची शिस्त कळते.

खाजगी संस्थांबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण गरीब घरांतला सर्वाधिक पैसा इथे बुडताना मी पाहिला आहे. चौकातल्या फलकावर शंभर टक्के नोकरीची हमी लिहिलेली असते, आणि आत गेल्यावर समुपदेशक म्हणून बसलेली व्यक्ती प्रत्यक्षात विक्रीचे काम करीत असते. अशा ठिकाणी चार गोष्टी तपासाव्यात. प्रमाणपत्र राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेचे आहे की केवळ संस्थेचे स्वतःचे, हे लेखी विचारावे. शिकवणाऱ्या व्यक्तीने स्वतः केलेले काम पाहायला मागावे. एक तास वर्गात बसू द्यावे, अशी विनंती करावी. जी संस्था ती नाकारते तिच्याकडे फिरकू नये. हप्त्यांवर फी म्हणून ज्या कागदावर सही घेतली जाते, तो पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचा कर्जाचा करार असतो, आणि अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी ते हप्ते थांबत नाहीत, म्हणून घरी नेऊन कोणा जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कारणाने कोणाकडेही जमा करू नयेत. अभ्यासिकेतल्या एका मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिका उरलेल्या हप्त्यांसाठी अशाच एका ठिकाणी अडकून पडली आणि तिचे आयटीआयचे एक वर्ष वाया गेले, ही बोच मला आजही आहे.

चौथी पायरी : शिकत असतानाच कामांचा संच तयार करणे

कलेच्या कामात प्रमाणपत्र दार उघडते, पण आत बसवते ते तुमचे काम. म्हणून पहिल्या महिन्यापासून दहा-बारा नमुन्यांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, तयार करायला घ्यावा. वर्गात सगळ्यांना मिळालेल्या सारख्याच स्वाध्यायांपेक्षा आपल्या गल्लीतले खरे काम त्यात अधिक उठून दिसते. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा फलक, बचत गटाच्या मसाल्याचे वेष्टन, मावशीच्या लग्नपत्रिकेची मांडणी, आजोबांच्या जुन्या छायाचित्राची दुरुस्ती अशी कामे आधी आणि नंतर या स्वरूपात मांडावीत. प्रत्येक नमुन्याबरोबर कच्चे रेखाटन जपून ठेवावे, कारण काम देणारा अनुभवी माणूस अंतिम चित्रापेक्षा तुम्ही तिथवर कसे पोहोचलात हे पाहतो.

मांडणीच्या क्षेत्रात येणाऱ्यांना एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : मराठी अक्षर नीट शिका. इंग्रजी मजकूर मांडणारे हजारो आहेत. जोडाक्षर न तोडता, रफार न हरवता, ओळीची उंची वेलांटी आणि उकार लक्षात घेऊन ठेवणारे फार कमी आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वर्णरूपे २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण म्हणून दिलेली आहेत, आणि शासकीय किंवा शैक्षणिक छपाई करणाऱ्या प्रेसमध्ये त्यांची विचारणा होते. श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीतला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणताना कोणती अक्षरे बिघडतात, हे ज्याला तपासता येते त्याला डीटीपीच्या (डेस्कटॉप पब्लिशिंगच्या) दुकानात काम मिळायला वेळ लागत नाही. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी नामफलक बंधनकारक झाले असून मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. या एका नियमाने फलक करणाऱ्यांना शहराच्या प्रत्येक गल्लीत काम निर्माण केले आहे.

संगणकाची साधने विकत घेणे परवडत नाही म्हणून चोरीच्या प्रती वापरू नयेत. त्यातून विषाणू येतात आणि चांगल्या कार्यालयात त्या फाइल चालत नाहीत. रेखाटनासाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी जिम्प, रंगचित्रांसाठी क्रिटा आणि त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर ही साधने विनामूल्य आहेत, दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती संकलनासाठी पुरेशी आहे, आणि मुक्ता व बालू यांसारखे चांगले देवनागरी फाँट मुक्त परवान्याने मिळतात. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप आयटीआयच्या प्रयोगशाळेत शिकून घ्यावे, कारण छपाईच्या बाजारात अजून त्यांचीच चलती आहे. छपाईची फाइल देताना रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत असावेत, चित्रे ३०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांची असावीत आणि चारही बाजूंना चित्र कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवलेले असावे, एवढे पाळले तरी प्रेसमधला माणूस तुम्हाला नवखे समजत नाही.

पाचवी पायरी : उमेदवारी

आपल्याकडे शिंपी, सोनार आणि छापखाना या सर्व धंद्यांत उमेदवारी करण्याची जुनी रीत आहे, आणि कलेचे काम खऱ्या अर्थाने तिथेच शिकले जाते. मात्र उमेदवारी आणि फुकटची राबणूक यांतला फरक आधी समजून घ्यावा. मी स्वतः पहिल्या फ्लेक्सच्या दुकानात चार महिने एक रुपयाही न घेता काम केले. मला यंत्र पुसणे आणि चहा आणणे यापलीकडे काही शिकवले गेले नाही, आणि पैशांचा विषय काढताच उद्यापासून येऊ नकोस असे सांगण्यात आले. तेव्हा मला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती असती, तर ते चार महिने वाचले असते.

या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराशी करार करावा लागतो, त्याची केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी होते आणि त्याला विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांनी हे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५ हजार ते ९ हजार रुपये असे ठरवले. तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार माणसांपासूनच्या लहान आस्थापनाही स्वेच्छेने घेऊ शकतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. लहान प्रेस, कपड्यांचे कारखाने आणि स्टुडिओ यांच्या मालकांना हे पुष्कळदा माहीत नसते. तेव्हा भेटायला जाताना ही माहिती नम्रपणे त्यांच्यासमोर ठेवावी. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. अशी योजना ज्या वेळी खुली असेल त्या वेळी तिसरा रकाना भरून निघण्याचा हा चांगला मार्ग आहे.

चित्रीकरणाच्या आणि नाटकाच्या क्षेत्रात मात्र करार क्वचितच होतात. तिथे सुरुवात असिस्टंटचा असिस्टंट म्हणून होते आणि पैसे दिवसावर मिळतात. अशा कामाला होकार देण्यापूर्वी दिवसाचा दर किती, शिफ्ट किती तासांची, पैसे किती दिवसांनी, जेवण आणि रात्री उशिरा सुटल्यास परतीची सोय कोणाची, हे संदेशाद्वारे विचारून लेखी उत्तर मिळवावे. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी परतीच्या सोयीबद्दल संकोच न करता विचारावे. ज्या युनिटला हा प्रश्न खटकतो, तिथले काम सोडून द्यावे.

घरातच कला असलेल्यांसाठी

ज्यांच्या घरात मूर्तिकाम, कुंभारकाम, शिवणकाम, दागिने किंवा लाकडी खेळणी यांचे काम पिढीजात चालते, त्यांनी आपल्या घराला सर्वांत जुनी कार्यशाळा मानावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. हाताने त्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीला पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला हा लाभ मिळतो, त्यामुळे कोणाचे नाव नोंदवायचे हे घरात विचार करून ठरवावे. माझ्या मते ज्याला किंवा जिला पुढची पंचवीस वर्षे काम करायचे आहे, तिचे नाव द्यावे.

पालघर जिल्ह्यातील वारली तरुणांसाठी याला आणखी एक बाजू आहे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर स्त्रियांनी काढायची ही वारली चित्रे चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातून कागदावर आणि कापडावर आली, आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज त्या आकृत्या कपांवर आणि पडद्यांवर कोणीही छापतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ती या भागाचीच असल्याची कायदेशीर नोंद, असल्यामुळे मूळ कलाकार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करू शकतात. हे कागद हाती असले, तर मोठ्या खरेदीदाराशी बोलताना दर सांगणारा आवाज बदलतो.

शेवटची पायरी : स्वतःचे काम घेणे

पहिले स्वतंत्र काम घेताना बहुतेक जण दर सांगायला लाजतात. दर काढण्याची साधी पद्धत अशी, की कामाला लागणारे दिवस मोजावेत, त्यांना आपल्या एका दिवसाच्या खर्चाच्या दुपटीने गुणावे आणि साहित्य व प्रवास त्यात मिळवावा. दुरुस्त्या किती वेळा करून देणार हे आधीच लिहावे, अन्यथा एकाच लग्नपत्रिकेच्या पंधरा आवृत्त्या कराव्या लागतात. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय सुरुवात करू नये आणि पूर्ण रक्कम येईपर्यंत मूळ फाइल देऊ नये.

हक्कांबद्दलही जाणून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून ते काम आपल्या संचात दाखवण्याची परवानगी कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क दिल्यानंतरही आपण त्या कामाचे कर्ते आहोत हे सांगण्याचा तुमचा अधिकार कायम राहतो.

काम नियमित होऊ लागले, की लहान उद्योगांच्या नोंदणीसाठी असलेल्या उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाची गरज नाही. या नोंदणीचा खरा उपयोग बिल थकल्यावर कळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुकरता परिषदेकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी नोंदणी काम घेण्यापूर्वीची असावी, बिलावर उद्यम क्रमांक व तारीख असावी, आणि काम पोहोचल्याचा ग्राहकाचा संदेश जपलेला असावा. प्रत्येक कामासाठी एक फोल्डर करून त्यात कोटेशन, आगाऊ रकमेची पावती, अंतिम फाइल, बिल आणि तो संदेश अशा पाचही गोष्टी एकत्र ठेवाव्यात, आणि पंचेचाळिसाव्या दिवसाची तारीख बिल पाठवतानाच वहीत लिहून ठेवावी.